विषाणू आवरला, शुगर, बीपी आणि मनाचं काय?

१ एप्रिल २००४ या दिवशी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरची औषधं, म्हणजे एआरटी, मोफत मिळायला लागली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांतलं एक. त्या वेळी पस्तिशीत असलेल्या आणि तेव्हापासून नेमाने गोळ्या घेत आलेल्या माणसांनी आज पंचावन्नी ओलांडली आहे. तेव्हा डॉक्टरांपुढचा प्रश्न एवढाच होता, की हा माणूस जगवायचा कसा. आता त्याच माणसाच्या पिशवीत एआरटी केंद्राच्या हिरव्या बुकासोबत शुगरचा रिपोर्ट असतो, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी असते. आणि एक गोष्ट यांपैकी कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते: गेल्या कित्येक महिन्यांत त्याला धड झोप लागलेली नाही आणि कशातच मन लागत नाही.

भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, चार लाखांच्या आसपास. या लोकांचं उरलेलं आयुष्य आता विषाणूपेक्षा हृदय, मूत्रपिंडं, साखर आणि मन यांवर जास्त अवलंबून आहे. आपण या आजारांना वेगवेगळे मानतो, वेगवेगळ्या ओपीडीत पाठवतो. शरीराच्या आत मात्र ते एकमेकांत गुंतलेले असतात. ही गुंतागुंत नेमकी कशी चालते ते नीट, सावकाश पाहू. ती कळली की कुठे हात घालायचा तेही कळतं.

सुरुवात आतड्यापासून करावी लागते. एआरटी केंद्राच्या बाकावर बसलेली माणसं ‘माझ्या पेशी वाढल्या’ किंवा ‘पेशी कमी आल्या’ असं बोलतात, त्या पेशी म्हणजे सीडी-४. रक्ताच्या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या सीडी-४ पेशी हा एकूण साठ्याचा छोटासा भाग. मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो, कारण अन्नाबरोबर येणाऱ्या जंतूंशी रोजचा सामना तिथे होतो. एचआयव्ही शरीरात शिरल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या पेशींचा फडशा पाडतो. माणसाला तेव्हा फार तर चार दिवस ताप येतो, तोही निघून जातो. पण आतड्याचं अस्तर कमकुवत झालेलं असतं. आतड्यातच राहायला हवेत असे जिवाणूंचे तुकडे रक्तात उतरायला लागतात आणि ते दिसले की प्रतिकारशक्ती खवळते. खरा शत्रू समोर असो वा नसो, ती सतत लढाईच्या पवित्र्यात राहते. यालाच दाह म्हणतात.

गोळ्या सुरू झाल्या की विषाणूची वाढ थांबते. काही महिन्यांत रक्तातला विषाणू मोजणाऱ्या व्हायरल लोडच्या रिपोर्टवर ‘नॉट डिटेक्टेड’ येतं. हा रिपोर्ट मोलाचा आहे. विषाणू इतका दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झालं आहे. पेशीही वाढतात. पण आतड्याचं अस्तर पूर्णपणे सांधलं जात नाही आणि दीर्घायुषी पेशींच्या आत विषाणूचे थोडे अंश झोपलेले राहतात. म्हणून दाह खूप कमी झाला तरी राखेखालच्या निखाऱ्यासारखा उरतोच. ताप नाही, दुखणं नाही, रोजच्या तपासण्यांत काही दिसत नाही. वर्षानुवर्षं तो धुमसत राहतो.

याचा पहिला फटका रक्तवाहिन्यांना बसतो. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर दाहामुळे खरबरीत होतं. चवताळलेल्या पांढऱ्या पेशी त्यात घुसतात, त्यांच्याभोवती चरबी साचते, गाठी तयार होतात. अशी एखादी गाठ फुटली की तिच्यावर रक्त गोठतं आणि हार्ट अ‍ॅटॅक येतो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांत हा धोका त्यांच्याच वयाच्या इतरांच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतो. तंबाखू, बीपी, शुगर हे सगळं हिशेबात धरलं तरीही तो जास्तच राहतो. आपल्याकडे त्यात मिश्री आणि गुटख्याची भर पडते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्री लावणाऱ्या बाईला ती तंबाखूच आहे आणि हृदयालाही लागते, हे सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

इथे एक शंका हमखास निघते. या गोळ्यांमुळेच तर हृदयाला त्रास होत नसेल? मग मधूनमधून बंद ठेवल्या तर? हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीत पाच हजारांहून अधिक लोकांचे दोन गट केले. एका गटाने गोळ्या अखंड घेतल्या. दुसऱ्या गटाने पेशी चांगल्या असताना बंद ठेवल्या आणि उतरल्यावर पुन्हा सुरू केल्या. २००६ साली ही चाचणी मुदतीआधीच आवरती घ्यावी लागली, कारण गोळ्या बंद ठेवणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. नुसत्या एड्समुळे झालेले नव्हे. हृदय, यकृत आणि मूत्रपिंडांचे गंभीर आजारही याच गटात जास्त निघाले. गोळ्या थांबल्या की विषाणू उसळतो, दाह भडकतो आणि त्याची किंमत हृदय मोजतं. ‘शरीराला विश्रांती’ म्हणून गोळ्या थांबवण्याचा सल्ला कुणी कितीही आपुलकीने दिला तरी तो ऐकू नये.

तरीही औषधांचा काहीच वाटा नाही असं म्हणणं खोटं ठरेल. सुरुवातीच्या वर्षांत दिली जाणारी स्टॅव्हुडिन ही गोळी जीव वाचवायची, पण गाल बसायचे, हातापायांच्या शिरा उठून दिसायच्या, पायांना मुंग्या यायच्या. बसलेल्या गालांवरून गावात ओळख उघडी पडायची आणि त्या धास्तीने माणसं घराबाहेर पडेनाशी व्हायची. औषधाचा शरीरावरचा परिणाम मनाचा आजार कसा होतो, याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही. ती गोळी पुढे बंद झाली. तिच्यानंतर अनेक वर्षं वापरात असलेली एफाविरेन्झ थेट मेंदूवर परिणाम करायची: चक्कर, विचित्र स्वप्नं, काहींना खोल उदासी. चार चाचण्यांची माहिती एकत्र करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एफाविरेन्झ घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार वा प्रयत्न यांचा धोका दुपटीहून जास्त दिसला.

आज बहुतेक केंद्रांवर टीएलडी मिळते: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर या तिन्हींची मिळून एक गोळी. ती आधीच्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण हिच्यावर वजन वाढतं. २०१९ साली आलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या ‘अ‍ॅडव्हान्स’ चाचणीत डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांचं वजन लक्षणीय वाढलं, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांचं जास्त. आपल्याकडे वाढलेलं वजन आनंदाची खूण मानतात. वाळलेल्या माणसाचं अंग भरलं की घरचे निवांत होतात. ते साहजिकही आहे. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गेली अनेक वर्षं दाखवून दिलं आहे, की भारतीय माणूस बाहेरून बारीक दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असतं आणि मधुमेह त्याला कमी वजनावरही गाठतो. अशा शरीरावर धुमसता दाह आणि दोन वर्षांत वाढलेलं सात-आठ किलो वजन पडलं, तर शुगर वाढायला फार वेळ लागत नाही. काही जणांत डोल्युटेग्राविर सुरू केल्यावर थोड्याच महिन्यांत साखर एकदम चढते. म्हणून गोळी सुरू करण्याआधी आणि नंतरच्या महिन्यांतही साखर तपासायला हवी. ती उपाशीपोटी तपासावी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी एचआयव्ही असलेल्यांत, विशेषतः झिडोव्हुडिन हे एआरटीतलंच औषध घेणाऱ्यांत, खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकते.

आता मनाकडे येऊ.

मनाच्या आजाराला आपल्याकडे परिस्थितीचा परिणाम मानतात. एवढा मोठा आजार झाला, लोकांनी तोंड फिरवलं, मग माणूस खचणारच, अशी आपली समजूत. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. एचआयव्ही संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच मेंदूत पोचतो आणि मेंदूतल्या प्रतिकारपेशींमध्ये ठाण मांडतो. पूर्वी यातून तीव्र स्मृतिभ्रंश व्हायचा. गोळ्यांमुळे तो आता दुर्मीळ झाला आहे, पण लक्ष न लागणं, विसरणं, काम हळू होणं असे सौम्य परिणाम अनेकांत दिसतात. त्यातच रक्तातल्या दाहाची रसायनंही मेंदूपर्यंत पोचतात. सर्दी-तापात आपल्याला चार दिवस कुणाशी बोलावंसं वाटत नाही, जेवण नको वाटतं, अंथरुणातून उठवत नाही. तेव्हा हीच रसायनं काम करत असतात. ती वर्षानुवर्षं थोडी थोडी वाहत राहिली तर उदासीला जमीन आयतीच तयार होते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांत नैराश्य इतरांच्या तुलनेत दुप्पट किंवा त्याहून जास्त आढळतं, त्यामागे समाज आणि शरीर दोन्ही आहेत.

समाजाचा वाटा कमी लेखू नये. महाराष्ट्रात कितीतरी बायकांना नवऱ्याच्या मरणानंतर, नाहीतर गरोदरपणातल्या तपासणीत स्वतःचा आजार कळला. काहींना सासरहून बाहेर काढलं, जमिनीतला वाटा नाकारला. पुरुषांना काम गेल्याची आणि मुलांची लग्नं अडण्याची धास्ती. तृतीयपंथी आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला तर दवाखान्याच्या दारापासूनच तिरस्कार. इतकी वर्षं एखादं गुपित जपत जगणं हाच एक थकवा असतो. डबीवरचं लेबल खरवडून टाकायचं, गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायच्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव घालायचं आणि तिथे जायला दिवसाची मजुरी बुडवायची. हे रोज करणाऱ्याचं मन ताजंतवानं कसं राहील?

आणि मन ढासळलं की शरीर मागोमाग जातं. सततच्या ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहतं. ते साखर वाढवतं, बीपी वाढवतं, पोटाभोवती चरबी साठवतं. झोप उडाली की इन्शुलिनचं काम बिघडतं. तंबाखू, दारू वाढते. चालणं-फिरणं थांबतं. पण सगळ्यांत मोठं नुकसान साध्या कारणाने होतं: गोळ्या चुकतात. नैराश्यातला माणूस गोळी विसरतो असं आपण म्हणतो. बहुतेकदा तो विसरलेला नसतो. कशासाठी घ्यायची, हाच प्रश्न त्याला पडलेला असतो. गोळ्या चुकल्या की विषाणू उसळतो, दाह वाढतो, आणि दाह पुन्हा मनाला व हृदयाला लागतो. वर्तुळ पूर्ण होतं. अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या सुमारे २६ हजार माजी सैनिकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तीव्र नैराश्य असलेल्यांत हार्ट अ‍ॅटॅकचा धोका नैराश्य नसलेल्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त निघाला. एचआयव्ही दोन्ही गटांना होता; फरक नैराश्याचा होता.

उलट दिशेनेही हेच घडतं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा आजार आधीपासून असलेल्या माणसाला एचआयव्ही होण्याचा धोका जास्त असतो, कारण आजाराच्या भरात सावधगिरी राहत नाही आणि त्याचा गैरफायदा घेणारेही भेटतात. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे आजार यांसारख्या टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात. ओलॅन्झापिनसारखी औषधं भ्रम आवरतात आणि त्याच वेळी भूक, वजन, साखर वाढवतात. त्यांची गरज असतेच, बंद करून चालत नाही. पण वजनकाटा आणि साखरेची तपासणी त्या चिठ्ठीला जोडूनच यायला हवी.

आता ही सगळी धाग्यांची गुंतवळ एका माणसात कशी दिसते ते पाहू. समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या गावात राहणाऱ्या बावन्न वर्षांच्या एक बाई आहेत. या बाई कल्पनेतल्या आहेत, पण त्यांच्या चिठ्ठीतली एकही गोळी कल्पनेतली नाही. पंधरा वर्षांपासून एआरटी सुरू आहे. आता रात्री एक टीएलडी घेतात. व्हायरल लोड उत्तम, म्हणून केंद्रातून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात आणि ‘कशा आहात?’ला ‘बरी आहे’ एवढ्यावर भेट संपते. गावातल्या डॉक्टरांकडे बीपी आणि शुगर दोन्ही निघाली. त्यांनी बीपीची गोळी आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन दिली. साखर उतरेना म्हणून मेटफॉर्मिन वाढवत वाढवत दिवसाला २००० मिलिग्रॅमवर नेली. बाईंनी त्यांना एचआयव्हीबद्दल सांगितलेलं नाही. डॉक्टरांच्या कंपाउंडरचं घर त्यांच्याच आळीत आहे.

मेटफॉर्मिन शरीराबाहेर पडते मूत्रपिंडांवाटे. तिची ती वाट डोल्युटेग्राविर अडवतं. त्यामुळे मेटफॉर्मिनची रक्तातली मात्रा सुमारे ८० टक्क्यांनी वाढते. म्हणूनच दोन्ही एकत्र असतील तर मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये असं डॉक्टरांना सांगितलं जातं. बाईंना याची कल्पना नाही, गावातल्या डॉक्टरांनाही नाही. बाईंना मळमळ सुरू होते, जुलाब लागतात. त्यांना वाटतं, एआरटीच्या गोळ्या उष्ण पडल्या. त्या एक दिवसाआड घ्यायला लागतात.

गुडघे दुखतात म्हणून आरोग्य उपकेंद्रातून कॅल्शियम आणि रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. रात्री रिकाम्या पोटी त्या टीएलडीबरोबर एकदमच घेतल्या जातात. कॅल्शियम, लोह आणि अ‍ॅसिडिटीवर घेतलेलं अँटासिड हे तिन्ही पोटात डोल्युटेग्राविरला धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट शोषलंच जात नाही. उपाय सोपा आहे: टीएलडी या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यायची, कॅल्शियम आणि लोह जेवणाबरोबर घेतलं तर टीएलडीसोबतही चालतं, अँटासिडचं अंतर मात्र पाळायचंच. एवढं एक वाक्य कुणीतरी सांगायला हवं होतं. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणली जाते. टेनोफोविर आधीच मूत्रपिंडांवर भार टाकणारं, त्यात बीपीची गोळी, त्यात हे वेदनाशामक. मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं. डोल्युटेग्राविरमुळे क्रिएटिनिनचा आकडा थोडासा वाढतो आणि ते नुकसान नसतं. पण इथे खरंच नुकसान होत आहे की नाही, हे सगळी औषधं माहीत असलेला डॉक्टरच ठरवू शकतो. तसा डॉक्टर या कथेत अजून आलेलाच नाही.

झोप लागत नाही म्हणून अल्प्राझोलाम सुरू झाली. चार रात्री झोप लागली. पुढे गोळीशिवाय लागेना. नैराश्याचं निदान कुणी केलंच नाही, कारण बाईंनी कधी ‘मी उदास आहे’ असं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, अंगात त्राण नाही, डोकं जड असतं, जीव घाबरतो. आपल्याकडे मन असंच बोलतं, शरीराच्या भाषेत. थकवा शुगरचाही असतो, रक्त कमी असल्याचाही, टीबीचाही आणि नैराश्याचाही. त्यामुळे प्रत्येक डॉक्टर आपापल्या आजाराचा थकवा शोधतो आणि नैराश्य तसंच राहून जातं.

ते शोधायला मोठी यंत्रणा लागत नाही. दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वाटला नाही? किती दिवस उदास, हताश वाटलं? उत्तर ‘बरेच दिवस’ असं आलं की पुढची सविस्तर प्रश्नावली विचारायची. जगण्याचा कंटाळा आला आहे का, हेही थेट विचारायचं. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात येतो ही भीती निराधार आहे. विचारल्याने माणसाला बोलायला जागा मिळते. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं टीएलडीबरोबर सहसा बिनधोक चालतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही म्हणून अनेक जण सोडून देतात, ते टाळायला हवं. सगळीच औषधं मात्र अशी सरळ नसतात. फिट्स आणि बायपोलरसाठी दिली जाणारी कार्बामाझेपिन डोल्युटेग्राविरची मात्रा इतकी उतरवते, की डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं. टीबीच्या रिफाम्पिसिनचंही तसंच. लिथियम आणि टेनोफोविर एकत्र असतील तर मूत्रपिंडांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष हवं. दुसऱ्या फळीच्या उपचारात रिटोनाविर असेल तर तो वेगळाच मामला: सिम्व्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची गोळी, दम्याचे काही स्टिरॉइड पंप, झोपेच्या काही गोळ्या त्याच्यासोबत धोकादायक ठरतात.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबद्दल एक आशादायक बातमी सांगायलाच हवी. २०२३ साली ‘रिप्रीव्ह’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह बारा देशांतल्या एचआयव्ही असलेल्या ७,७६९ लोकांनी तिच्यात भाग घेतला होता, वय ४० ते ७५. हृदयविकाराचा धोका वरवर कमी ते मध्यम वाटणारी ही माणसं. निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन दिलं. त्यांच्यात हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात अशा घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. चाळिशी ओलांडलेल्या आणि एआरटी घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना ‘मला स्टॅटिनची गरज आहे का?’ असं आता विचारायलाच हवं.

मग अडतं कुठे? अडतं रांगांमध्ये. एआरटी केंद्र एका इमारतीत, शुगर-बीपीचं एनसीडी क्लिनिक दुसरीकडे, मानसोपचार ओपीडी जिल्हा रुग्णालयात ठरावीक वारी. प्रत्येक ठिकाणी वेगळा केसपेपर, वेगळी रांग, वेगळी बुडालेली मजुरी. उदास माणसाला तीन रांगांत उभं राहायला सांगणं म्हणजे त्याला नाहीच म्हणणं. माझं स्पष्ट मत आहे, की आपल्याकडे औषधांपेक्षा मोठी कमतरता या जोडणीची आहे.

ती जोडणी करता येते, आणि ती फार लांब जाऊन शिकायचीही गरज नाही. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. त्या डॉक्टर नव्हत्या, मानसशास्त्राच्या पदवीधरही नव्हत्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मानस’ चाचणीत सरकारी केंद्रांतले नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त संख्येने बरे झाले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर प्रशिक्षित आज्यांना बसवलं. तिथल्या चाचणीत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के एचआयव्हीसह जगणारे होते. आज्यांशी बोललेल्यांत सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं शंभरातल्या सुमारे १४ जणांत उरली. नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत सुमारे ५० जणांत. मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्यांसाठी चेन्नई, दिल्ली, बेंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या दवाखान्यांत झालेल्या चाचणीचा निकाल २०२० साली आला. तिच्यात एक समन्वयक रुग्णाच्या संपर्कात राहायचा आणि मधुमेहतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक दिवसांनी एकत्र बसून त्याच्या केसचा आढावा घ्यायचे. नैराश्य निम्म्याने उतरणं आणि सोबत साखर, बीपी वा कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी सुधारणं हे दोन्ही त्या गटातल्या सुमारे ७२ टक्क्यांना साधलं, नेहमीच्या उपचारातल्या ५७ टक्क्यांना.

आपल्या एआरटी केंद्रात समुपदेशक आहे, नर्स आहे, औषधनिर्माता आहे. दर तीन महिन्यांनी माणूस स्वतः चालत येतो. दुसऱ्या कुठल्याही जुनाट आजाराच्या वाट्याला इतकी तयार यंत्रणा आलेली नाही. तिथेच बीपीचा पट्टा बांधावा, ग्लुकोमीटर ठेवावा, वजन लिहावं, ते दोन प्रश्न विचारावेत आणि मनाच्या औषधांची सोय त्याच खिडकीवर करावी, ही मागणी अवास्तव नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेच. ती या माणसांच्या दारात आणायची एवढंच बाकी आहे.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार, नोकरी, शिक्षण, घर यांत भेदभाव करायला तो मनाई करतो, आजाराची माहिती गुप्त ठेवायला बांधून घालतो आणि तक्रारीसाठी राज्यात लोकपाल नेमायला सांगतो. त्याच वर्षी २९ मे रोजी लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकाच दर्जा देतो.

तुम्ही स्वतः किंवा तुमचं जवळचं कुणी या वाटेवर असेल, तर आजच एक काम करा. घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी आयुर्वेदिक चूर्ण आणि मेडिकलमधून आणलेली वेदनाशामकंसुद्धा, एका कागदावर लिहा आणि पुढच्या भेटीत तो कागद एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांपुढे ठेवा. एचआयव्हीचं नाव गावातल्या डॉक्टरांना सांगायचं नसेल तर निदान दुसरं कुणी दिलेली प्रत्येक नवी गोळी एआरटी केंद्राला विचारूनच सुरू करा. वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन; प्रत्येक भेटीत बीपी आणि वजन. झोप गेली, मन लागेना, तर तेही ‘पेशी किती?’ इतक्याच सहजपणे सांगा. एचआयव्हीबद्दल कुठलीही शंका असेल तर १०९७ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. मनासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.